डावीकडे फिरलेली पट्टी

मोटारसायकलच्या टाकीखाली वायरी जोडणाऱ्या कनेक्टरवरची काळी चिकटपट्टी तिने सोडवायला घेतली आणि तिची बोटं जागीच थांबली. पट्टी उलट्या बाजूने गुंडाळलेली होती.

सकाळी चावी फिरवली तेव्हा मोटारसायकलने हूं की चूं केलं नव्हतं. उद्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात मुलाखत होती, गाड्यांचं वायरिंग शिकवायच्या जागेसाठी; जागा मिळाली तर तिथेच राहायचं होतं. याआधी दोनदा ती तिकडे निघाली होती आणि दोन्ही वेळा गाडी भर रस्त्यात मेली. कडेला उभं राहून, पट्टी टराटरा फाडून, पिना पदराला पुसून ती कशीबशी चालू करेपर्यंत वेळ टळून गेली. गॅरेजशेजारचा पंक्चरवाला हसला, "ताई, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." तीही हसली. पण त्यानंतर गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावताना तिला आतून धास्ती वाटू लागली.

वडिलांनी मात्र पाठीवर हात ठेवला होता. "चुकतो कधीकधी हात. मोठ्या जागेचा हव्यास कशाला? आपलं गॅरेज काय वाईट आहे?"

आज घाई नव्हती. पट्टी ती सावकाश उलगडत गेली. तिचा स्वतःचा वेढा नेहमी उजवीकडे फिरायचा. डावीकडे फिरवणारा, डावखुरा, घरात एकच माणूस होता. त्यानेच तिला हे काम हाताला धरून शिकवलेलं. आधी पिन कोरडी करायची, मग ग्रीस, मग रबरी टोपी. पाण्याला केसाएवढी फट मिळाली तरी ते घर करतं.

कनेक्टर उघडला. पिना हिरव्या पडल्या होत्या. गेल्याच आठवड्यात तिने भरलेलं ग्रीस कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून काढलेलं होतं आणि तळाशी पांढरी कणी बसली होती. तिने कणी जिभेला लावली. मीठ.

वडील मागच्या दाराने गॅरेजात आले. तिच्या हाताकडे पाहत म्हणाले, "परत गंजलं का?"

"ग्रीस पुसून मिठाचं पाणी सोडल्यावर गंजणारच."

वडील स्टुलावर बसले. नाही म्हणाले नाहीत. गुडघ्यावरची न दिसणारी धूळ झटकत राहिले.

"तुझी आई गेल्यापासून घर खायला उठतं," ते म्हणाले. "तूही गेलीस तर..."

"मग 'थांब' असं म्हणायचं होतंत."

"थांबली असतीस?"

"काय माहीत. तुम्ही विचारलंतच कुठे?" तिने कनेक्टर फडक्यावर ठेवला. "गाडी बंद पाडलीत, ते एक वेळ समजू शकते. पण बाबा, माझ्या हातातलं कसब गेलं असं मला वाटू दिलंत. वर पाठीवरून हात फिरवलात."

वडिलांनी फळीवरची टॉर्च उचलली आणि नेहमीसारखा टाकीखाली उजेड धरला. तिने त्यांच्या हातातून टॉर्च काढून घेतली, दातांत धरली आणि एकटीने काम करू लागली. पिना घासल्या, वाळवल्या, ग्रीस भरलं. वडील उभेच होते. मग केव्हातरी आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी एका झटक्यात चालू झाली.

"पोचलीस की कळव," वडील दारातून म्हणाले.

तिने नुसती मान हलवली.

केंद्रातल्या बाईंनी कागद बाजूला सारले. "दोनदा आला नाहीत तुम्ही. कारण?"

"कनेक्टरला गंज चढला होता."

"तुमच्या गाडीच्या?" बाईंच्या भुवया वर गेल्या. "पाणी कुठून शिरलं?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. "माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

बाईंनी एक गंजकी वायर तिच्यापुढे ठेवली. तिने ती साफ केली, जोडली, दिवा लावून दाखवला. हात जरासुद्धा कापला नाही. बाई वाकून जोड न्याहाळत राहिल्या आणि हसल्या.

"जागा तुमची. घरचं सगळं आवरायला महिनाभर लागेल ना? तेवढा वेळ देतो आम्ही."

"नको," ती फडक्याला बोटं पुसत म्हणाली. "घरचं आवरलंय."