पालथं कॅरेट

एक वाव.
पाण्यावर टोमॅटोचं कॅरेट पालथं घातलेलं. त्याच्यावर दोन दगड बांधलेले, त्याच्याखाली मासळी. शेखर होडीतून दोर सोडत होता. दोन्ही हात पसरले की एक वाव. म्हातारा बारकूबाबा मोजत होता. "दमानं, साहेब. विहिरीत बादली नाय सोडायची."

दोन.
अंबडच्या कारखान्याला रविवारी सुट्टी, आणि रविवारी शेखर धरणावर. निकिताला सातवा महिना. आईनं बजावलं होतं, बायको पोटुशी असताना नवऱ्यानं जीव घेऊ नये. पण गळ काही सुटेना. मग त्यानं तोड काढली: धरायची, फोटो काढायचा, सोडायची.

तीन. चार.
खोल पाण्यातून आलेल्या मासळ्यांची पोटं टम्म असायची. अंडी आहेत, गाभोळी भरलीय, असं तो समजायचा. निकिताला फोटो जायचा: 'ही पण तुझ्यासारखीच. सोडली.' तिचा प्रश्न यायचा: 'आज किती?' तो आकडा कळवायचा. एकूण अकरा झाल्या होत्या.

पाच—
दोर थरथरला. "थांबा जरा," बारकूबाबा म्हणाला. "धडपडतीय. म्हंजी जीव हाय."

एरवी शेखर एकटाच रबरी होडीतून जायचा. आज ती पंक्चर, म्हणून बारकूबाबाची होडी. मघाशी ही बारावी वर आली, तेव्हा त्यानं नेहमीसारखा तिच्या पोटावरून हात फिरवला. "बाबा, गाभोळीची आहे. सोडून देऊ."
म्हातारा खो खो हसला. "गाभोळी कशाची? वारं भरलंय! डोळं बघा कसं भायेर आलेत. झरझर वर खेचली, पोटातली हवा फुगली. आता नुसती तरंगंल. खाली जायला जमायचं नाय तिला."
"पण मी तर सगळ्या सोडल्या."
"सोडणारे तुमीच व्हय? तुमी पुण्य करून गाडीवर बसता, आन् सोमवारी हितं घारी जेवतात."
मग त्यानंच कॅरेट काढलं. जाळ्यात नको ती मासळी सापडली की इथले कोळी ती अशीच खाली पोचवत; खोलात पोटातली हवा पुन्हा आवळते.

सहा. सात.
सोडलेली प्रत्येक मासळी थोडा वेळ आडवी पडून राहायची. दमली असेल, असं म्हणून शेखर पाठ फिरवायचा. दर वेळी. अकरा वेळा पाठ. एकदा तरी मागं बघायला काय झालं होतं?

आठ.

नऊ.
त्यानं दोर आणखी सावकाश सोडला.

दहा.
"द्या हिसका. कॅरेट वर, ती खाली."
दिला. दोर हलका झाला. वर आलं ते कॅरेट रिकामं. बारकूबाबानं तंबाखू मळली, दाढेखाली धरली, थुंकलीसुद्धा. पाण्यावर काही आलं नाही.

फोन वाजला. निकिता.
"आज किती सोडल्या?"
"एक."
"एकच? मागच्या रविवारी तर तीन होत्या."
त्यानं हातातल्या ओल्या दोराकडे पाहिलं.
"नव्हत्या," तो म्हणाला. "आजपर्यंत एकच."