धोंडाबाई डावीकडं

जानकूच्या होडीला दाढी यायची. बुडाला हिरवंगार, वीतभर लांब शेवाळ. वरून होडी तरणीताठी दिसे, खालून पार साधू झालेली. धरणाच्या पाण्यातून फणसवाडीहून पलीकडच्या हिरडेवाडीला जायला एरवी पंधरा मिनिटं लागत; दाढी वाढली की पस्तीस. प्रवाशांची तक्रार नव्हती. तेवढ्यात त्यांची चार घरांची भांडणं बोलून व्हायची.

तक्रार होती तपासणीच्या साहेबांची. मागच्या वर्षी त्यांनी बजावलं होतं, "पुढच्या वेळी वीस मिनिटांत पोचली नाही तर होडी बंद." होडी बंद म्हणजे जानकूची चूल बंद, आणि हिरडेवाडीला डोंगराचा वळसा घालून अडतीस किलोमीटर. आणि आज अकरा वाजता साहेब यायचे होते.

होडी बाहेर काढून घासायची तर ती पडली लोखंडी. ओढायला तीस माणसं लागत, आणि सगळं गाव भाताच्या आवणीला खाचरात वाकलेलं. तेव्हा जानकू सकाळी सातलाच उलथणं घेऊन पाण्यात उतरला. नाक दाबायचं, बुडाखाली शिरायचं, चार हात खरवडायचं, वर येऊन धापा टाकायच्या. उलथणं धोंडाबाईचं होतं. ती रोज अंडी घेऊन हिरडेवाडीला जायची आणि रोज तिकिटावरून भांडायची.

"माज्या उलथण्याची धार गेली तर बघ," ती काठावरून म्हणाली.

"मावशे, उलथण्याला धार कुटं असती?"

"आता न्हाईच राहायची."

नऊ वाजेपर्यंत डावी बाजू आरशासारखी झाली. जानकू उजवीकडं वळला आणि पहिला हात मारणार, तोच काठावरून कुणीतरी बोंबललं, "थांब! हात लावू नको!"

सलीम होता. घोडेगावचा वेल्डर. गेटं, पाण्याच्या टाक्या आणि आयुष्यात एकच होडी, ती हीच. तपासणीला बनवणारा हजर पाहिजे म्हणून त्याला बोलावला होता. तो चपलांसकट गुडघाभर पाण्यात आला.

"उजवीकडचं शेवाळ काढू नको, जानकूभाऊ."

"का?"

सलीमनं इकडंतिकडं पाहिलं. "डावी बाजू वेल्डिंगवर हाय. उजवीकडं आल्यावर रॉड संपले व्हते."

"मग उजवी कशावर हाय?"

"चार वर्सं झाली, बुडली का? मग शेवाळावर हाय."

जानकूनं उलथणं खाली घेतलं. सलीमच्या कारागिरीचा त्याला अनुभव होता. होडी नवी असताना तिचं सुकाणू हलतं, हे बघून सलीमनं ते फुकटात पक्कं वेल्ड करून दिलं होतं. गेट असतं तर लई भारी काम झालं असतं. तेव्हापासून होडी वळवायची ती माणसांनी. "दोघं उजवीकडं सरका" म्हटलं की होडी उजवीकडं वळे. आणि धोंडाबाई एकटी सरकली तरी भागे. तिची बसायची जागा म्हणजेच होडीचं सुकाणू.

"निम्मी घासल्यानं काय व्हतंय?" सलीम म्हणाला. "निम्मी तर निम्मी, जोरात पळंल."

अकराला साहेबांची जीप काठावर थांबली. साहेब बारीक, चष्मेवाले, आणि पाण्याकडं न बघता बोलणारे. धोंडाबाई अंड्यांची पाटी घेऊन चढायला लागली, तसे ते म्हणाले, "तपासणीला प्रवासी चालणार नाही. खाली उतरा."

"आवो साहेब, त्या प्रवासी न्हाईत, त्या..." जानकू म्हणाला आणि थांबला. सुकाणू आहेत, हे सांगायचं कसं?

धोंडाबाई उतरली. साहेबांनी दोन्ही हातांनी फळी धरली, घड्याळ लावलं आणि डोळे मिटले. "डोळे उघडे ठेवले की मला मळमळतं. पोचलो की सांगा."

इंजिन धडधडलं. होडी अशी सुटली की जानकूला हुरूप आला. तो टिकला मिनिटभर. आरशासारखी डावी बाजू पळत होती, उजवी दाढी धरून मागं ओढत होती, आणि होडी सरळ जायचं सोडून उजवीकडं वळायला लागली. हिरडेवाडी समोरून सरकून डाव्या हाताला गेली. मग पाठीमागं गेली.

"साहेब, जरा डावीकडं सरकता?" जानकूनं विचारलं.

"मी हलणार नाही."

जानकू आणि सलीम दोघं डावीकडं लटकले. काही उपयोग नाही. दोघं मिळून निम्मी धोंडाबाई भरत होते. होडीनं धरणाला सावकाश, देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घातली आणि फणसवाडीच्याच काठाला येऊन टेकली. साहेबांनी घड्याळ दाबलं. "अठरा मिनिटं! शाब्बास!" आणि डोळे उघडले.

समोर त्यांचीच जीप.

"ही इकडं कशी?"

जानकूच्या तोंडचं पाणी पळालं. सलीमच्या पळालं नाही. "डायवरनं आणली, साहेब. रस्त्यानं."

साहेबांनी काठाकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर विचार उमटला. "म्हणजे जीपलाही अठराच मिनिटं लागतात. मग होडी हवी कशाला? मी बंद करायची शिफारस करतो."

त्यांनी पेन काढलं. जानकू त्या पेनाकडं बघत राहिला. खोटं चाललं तर होडी जात होती, खरं सांगितलं तरी जात होती. निदान खऱ्यात रस्त्याचे अडतीस किलोमीटर तरी शाबूत राहत होते.

"साहेब, आपण गेलोच न्हाई," तो म्हणाला. "हे फणसवाडीच हाय. होडी गोल फिरली." आणि मग त्यानं सगळं सांगितलं: शेवाळ, उलथणं, सुकाणू. रॉडचं सांगताना सलीम आकाशाकडं बघत होता.

साहेबांनी सगळं ऐकलं. "म्हणजे तपासणी परत करावी लागणार," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच पाण्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा शेवाळाच्या रंगाचा झाला. "मी काठावरून बघतो."

धोंडाबाई पाटी घेऊन चढली आणि डावीकडं बसली. होडी डावीकडं कलली. दाढीवाली बाजू पाण्याबाहेर निम्मी आली. होडी बाणासारखी सुटली. चौदाव्या मिनिटाला पलीकडून धोंडाबाईनं अंड्यांची पाटी उंच करून दाखवली.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून परवानगी लिहिली, पण अट घालून. होडीत कायम ठेवायचं साहित्य: रबरी ट्यूब चार, दोर एक, धोंडाबाई एक (डावीकडं). उजवी बाजू दिवाळीपर्यंत वेल्डिंग करणे. तोवर शेवाळास हात लावू नये.

परत आल्यावर जानकूनं तो कागद धोंडाबाईला वाचून दाखवला, दोनदा. मग सवयीनं हात पुढं केला. "मावशे, जाऊन-येऊन तीस रुपये."

धोंडाबाईनं आधी आपलं उलथणं मागून घेतलं, ते पदराला पुसलं.

"साहित्याला तिकीट असतं व्हय रं?" ती म्हणाली, आणि डावीकडंच बसून राहिली.