मर्व्ह ट्रेविनची सोपी प्रवाळं

मर्व्ह ट्रेविनने तीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलहून पर्यटकांना बोटीने प्रवाळांवर नेलं आणि त्यांच्याबरोबर बुड्या मारल्या. मग त्याच्या उजव्या कानाने दगा दिला आणि डॉक्टरांनी पाण्याखाली जायला कायमची बंदी घातली. तीन महिने तो घरात खेकसत बसला. शेवटी त्याने घरात प्रवाळं वाढवायला खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली, पाणी स्थिरावेपर्यंत कसाबसा धीर धरला आणि एका शनिवारी बायकोला, आयव्हीला, घेऊन माझ्या जिवंत प्रवाळांच्या दुकानात आला.

"नेरिडा, ते निळ्या टोकांचं, शिंगांसारखं दे," काचेवर बोट ठेवून तो म्हणाला.

"नाही देणार."

"का? विकायला नाहीये?"

"आहे, पण तुम्हाला नाही. पाण्यात जरा इकडचं तिकडं झालं की ते पांढरं पडतं. आधी सोपी न्या. हे मशरूम प्रवाळ, हे लेदर प्रवाळ. उजेड थोडा कमी पडला तरी कुरकुरत नाहीत."

"पोरी, तुझ्या जन्माआधीपासून मी प्रवाळांत वावरतोय."

"तिथं समुद्र त्यांचं सगळं करत होता, मर्व्ह. तुम्ही नुसते बघत होतात."

आयव्ही खुदकन हसली. मर्व्ह फुगला, पण दोन मशरूम आणि एक लेदर घेऊन गेला.

आयव्ही लहानपणी नदीत बुडता बुडता वाचली होती. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली तरी नवऱ्याच्या बोटीवर तिने पाय ठेवला नव्हता. प्रवाळं तिला फक्त जेवताना मर्व्हकडून ऐकून माहीत.

तीन आठवड्यांनी मर्व्हचा फोन आला. "लेदर मेलं. मिटून बसलंय, वर मेणासारखं काहीतरी चढलंय. काढून टाकतो."

"हात लावू नका. कात टाकतंय. पंपाचं तोंड थोडं त्याच्याकडे वळवा आणि गप्प बसा."

"तेवढंच त्याला जमत नाही," मागून आयव्ही म्हणाली.

खरंच जमेना. तो सारखा टाकीत हात घालू लागला, तेव्हा आयव्ही विणकाम घेऊन टाकीसमोर खुर्ची टाकून बसली. पहाऱ्याला बसलेली बाई हळूहळू बघण्यात रमली. नवव्या दिवशी सकाळी ती पातळ साल सुटून वाहत गेली आणि शेकडो बारीक बोटं बाहेर आली. तिने हाक मारली. मर्व्ह अर्धी दाढी करून तसाच धावत आला.

"खाली असंच असतं का रे?"

"असंच." तो तिच्याशेजारी टेकला. "पण मी कधी एका जागी इतका थांबलोच नाही. वीस माणसं मोजत बसावं लागायचं."

परवा दोघं पुन्हा आली. आयव्ही पुढे, मर्व्ह मागे.

"ते हिरव्या गवतासारखं सोपं आहे का गं?" तिने विचारलं.

"फारच. वेगळ्या दगडावर ठेवा, नाहीतर सगळी टाकी व्यापेल."

"व्यापू दे. या मर्व्हला आवरलं, त्यापुढे हे काय मोठं."

पिशवी मर्व्हने उचलली आणि गाडीत मांडीवर धरून बसला.