मोरीला कळलेली चव

जेवणघरात कुणीच बोलत नव्हते. एरवी चमच्यांच्या खणखणाटात शेजारच्याचा शब्दही ऐकू येऊ नये अशी ती खोली. पण आज छावणीच्या डॉक्टरीणबाई उष्ट्याच्या पिंपापाशी उभ्या होत्या, आणि पिंप भाजीने काठोकाठ भरले होते. आचारीकाका टॉवेलला हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते.

“काका, जवानांच्या हिरड्यांतून रक्त येतंय,” बाई हळूच म्हणाल्या. “या आठवड्यातही भाजी अशीच पिंपात गेली, तर मला वर कळवावं लागेल. मग तयार जेवणाची पाकिटं येतील, आणि तुमची चूल बंद होईल.”

मित्रांनो, मी एक जुना दगडी खलबत्ता आहे, आणि हे सारे मी कोठीच्या दाराशी बसून ऐकले.

काळ्या दगडाच्या पोटात मी किती काळ निजलो होतो, मला ठाऊक नाही. एका पाथरवटाच्या छिन्नीने मला जागे केले आणि माझ्या मधोमध एक पोकळी कोरली. माझे सारे आयुष्य त्या पोकळीतच घडले. काकांच्या आईने तिच्यात मिरे कुटले, लसूण ठेचला. पुढे काका मला छावणीत घेऊन आले, तेव्हा माझे ठोके ऐकून जवानांना भूक लागे. मग मिरे-लसणाच्या दळलेल्या पुडींची पोती आली. कोठीचे दार वाऱ्याने आपटू नये, एवढ्यापुरताच मी उरलो. विसरलेली वस्तू कुठे हरवत नाही. ती डोळ्यांसमोर असते, फक्त दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी काका मोठ्या पातेल्यात घेवड्याच्या शेंगा उकडत होते. शेकडो माणसांचे रांधायचे म्हणून शेंगा, पाणी, मीठ, पूड सगळे एकदमच पडे. काका पळीभर पाणी चाखत, मान डोलावत. मग ते पाणी मोरीत जाई आणि शेंगा ताटात. त्या दिवशी पाणी ओतताना मात्र ते थबकले. मोरीतून मिऱ्यांचा, लसणाचा खमंग वास वर येत होता. त्यांनी चाळणीतली एक शेंग तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिले.

“घ्या,” ते स्वतःशीच म्हणाले. “इतकी वर्षं मोरीला जेवू घातलं, आणि पोरांना चोथा.”

त्यांनी मला उचलले. दार धाडकन आपटले. पोकळीतली धूळ धुतली गेली, आणि तिच्यात पुन्हा लसूण उतरला, मिरे उतरले, जाड मीठ करकरले. शेंगा निथळून झाल्यावर काकांनी तेल तापवले, वाटण परतले, त्यात शेंगा घोळवल्या आणि वरून लिंबू पिळले.

रांगेत सर्वांत पुढे नेहमीप्रमाणे पैलवान होता. भल्याथोरल्या अंगाचा हा जवान ज्या पदार्थाला नाक मुरडी, त्याला मागचा कुणी हात लावत नसे.

“काका, भाजी नको. माझ्या वाटणीची घोड्यांना घाला.”

“घोड्यांनी परत पाठवलीय. म्हणाले, आधी पैलवानांना विचारा.”

रांग हसली. हसण्याच्या भरात पैलवान ताट मागे घ्यायचे विसरला, आणि काकांनी पळी उलटी केली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी कोपऱ्यात असेल. त्याला धुवा, कोरडे ठेवा, कामाला लावा. आणि एखादी भाजी आवडली नाही, तर तिला नावे ठेवण्याआधी तिची चव कुठे सांडली ते शोधा.

थोड्या वेळाने पैलवान पुन्हा वाढपाच्या खिडकीशी आला आणि त्याने रिकामे ताट पुढे केले. काकांनी ते शेंगांनी भरले. बाजूला उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, “कशी झालीय?”

पैलवानाने एक शेंग तोंडात टाकली, दुसरी टाकली, आणि ताट छातीशी धरून आपल्या जागेकडे निघून गेला.