मरणाऱ्याची तलवार

“आज कुठे मरणार तू?” तामोत्सुने विचारलं.

“दरवाज्यापाशी. आणखी कुठे?”

“तिथे कालच्या पावसाचा चिखल आहे. हातभर डावीकडे मर. तुझ्या गुडघ्याला बरं पडेल.”

कुरोसेच्या किल्ल्यावर आम्ही दर रविवारी मरतो. मी नोनाका, एरवी न्हावी. स्टेशनसमोर माझं दुकान आहे. तामोत्सु इवाता माशाच्या वड्यांच्या कारखान्यात वाफेच्या भट्टीवर असतो, आणि अंघोळ करून आला तरी त्याच्या केसांना मासळीचा वास येतो, हे त्याचे केस कापणाराच सांगू शकतो. आमच्या गावात वेगवान गाडी थांबत नाही. ज्यांचे नावाजलेले किल्ले बघून झालेत, आणि ज्यांच्या बसवाल्याला दुपार कुठेतरी काढायची असते, असे लोक आमच्याकडे येतात. मनोऱ्याच्या उभ्या जिन्यावरून धापा टाकत वर जातात, बाणांच्या भोकातून खालची घरं बघतात, खाली येऊन चपला शोधतात, आणि मग चौकात आमचं मरण बघायला बसतात.

खेळ जुनाच. किल्ल्याला वेढा पडला, दरवाजा फुटला, आणि धन्याचा शेवटचा राखणदार एकटा शत्रूला कापत सुटला. राखणदार म्हणजे नायक, आम्ही शत्रू. बघणाऱ्याला वाटतं, सगळी कमाल तलवार चालवणाऱ्याची. खरं तर तलवार वीतभर लांबून हवेतून जाते. ती लागली हे दाखवायचं काम मरणाऱ्याचं. त्याने योग्य वेळी अंग वळवलं, श्वास सोडला, कोसळला, तर समोरचा शूर. नाहीतर समोरचा माशा मारतोय. ‘तलवार मारणाऱ्याची नसते, मरणाऱ्याची असते,’ हे तामोत्सु प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा. तो स्वतः सगळ्यांत शेवटी मरायचा. कमरेतून मागे असा वाकायचा की बसमधून आलेल्या म्हाताऱ्या हातातला चहा सांडायच्या.

केन्गो हायासेलाही हे त्यानेच शिकवलं. केन्गो जुन्या मोटारी विकायचा. उंच, देखणा, बोलायला गोड. तामोत्सुने त्याला नायक केलं, घरी जेवायला नेलं, आणि आई नसलेली एकुलती एक मुलगी मिनाए त्याला दिली. लग्नात मीच सगळ्यांत जास्त प्यायलो होतो.

त्या रविवारी मिनाए मनोऱ्याखालच्या कोठारात डबा घेऊन आली. आम्ही तिथेच कपडे बदलतो. शरद लागला होता तरी उकाडा हटत नव्हता, आम्ही सगळे घामाने चिकटलो होतो, आणि ही मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घालून आलेली. भाताचे मुटके बापापुढे ठेवताना तिची डावी बाही सरकली. कोपराखाली, हाताच्या बाहेरच्या अंगाला, काळानिळा पट्टा होता.

तामोत्सुचा घास हातातच राहिला.

“काय लागलं?”

“कपाटाचं दार.”

“दार तिथे लागतं?”

“बाबा, खा ना. आत खारवलेला आलुबुखार आहे, तुम्हाला आवडतो तसा.” तिने बाही खाली ओढली. “आणि ऐका, आमचं ओसाकाला ठरलं. पुढच्या रविवारी निघतोय. तिथल्या मोठ्या बागेत असाच खेळ असतो, रोजचा. तिथले साहेब आज याचं काम बघायला आलेत.”

“तू नको जाऊस.”

“नवरा जाणार आणि मी इथे काय करू? माशाच्या वड्या वळू?” ती हसली. हसताना तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. तिचे पहिले केस मी कापलेत.

तो वळ कसला, हे आम्हा मरणाऱ्यांना कुणी सांगायला नको. शिकताना वेळ चुकली, तलवार खरंच डोक्यावर येताना दिसली, की हात आपोआप आडवा वर जातो आणि तिथेच लागतं. अडवणाऱ्याचा वळ तो. प्रत्येकाला एकदोनदा मिळालाय. पण आम्हाला तो तालमीत मिळाला होता, आणि मिनाए तालमीला कधी आली नव्हती.

ती चौकात जागा धरायला गेली आणि केन्गो कपाळाची पट्टी बांधत आत आला. तामोत्सु उठला.

“तू तिला मारतोस.”

“धांदरट आहे ती. तुम्हाला माहीतच आहे.”

“मी तिचा हात पाहिला, केन्गो.”

केन्गोने पट्टीची गाठ नीट बसवली, आरशात बघितलं. “बाबा, घरातलं घरात राहू द्या. तुमचं काम मरायचं. तेवढं आज झकास करा. ओसाकाचे साहेब पुढच्याच रांगेत आहेत.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आणि तिला काही शिकवू नका. तुम्ही शिकवलंत की रात्री तिलाच भोगावं लागतं.”

एवढं बोलून तो आपली तलवार घेऊन बाहेर गेला. आमच्या तलवारी बांबूच्या, पोकळ. त्याची जड लाकडाची, वर चांदीचा कागद. फोटोत उठून दिसते म्हणून त्याने हट्टाने करून घेतली होती. दर पंधरवड्याला केन्गो माझ्याकडे दाढीला येतो, मान मागे टाकून डोळे मिटतो, गळा माझ्या वस्तऱ्याखाली असतो. ते मला त्या क्षणी आठवलं, आणि आठवायला बरं वाटलं. माझं डोकं इतकं तापलं होतं.

“तामोत्सु, आज खेळ नको,” मी म्हणालो.

“का? लोक आलेत.” त्याने उरलेला मुटका शांतपणे खाल्ला, बोटं चाटली. “तू डावीकडे मर. विसरू नकोस.”

ढोल वाजला. कर्ण्यातून टेप सुरू झाली, बासरी आणि गोष्ट सांगणाऱ्या बाईचा भरल्या गळ्याचा आवाज. आम्ही ओरडत दरवाज्यातून घुसलो. मी हातभर डावीकडे मेलो. मेल्यावर मला काम नसतं. शेवटचा ढोल होईपर्यंत पडून राहायचं, हा आमचा कडक नियम. नाकावर माशी बसली तरी मेलेला हलत नाही. मी एक डोळा किलकिला ठेवून बघत होतो. माझ्याभोवती माणसं पडत गेली, आणि शेवटी तामोत्सु एकटा केन्गोसमोर उरला.

केन्गोने झोकात वार केला. तलवार तामोत्सुच्या छातीसमोरून गेली. तामोत्सु उभाच.

मला वाटलं, वेळ चुकली. केन्गोनेही तेच धरलं आणि उलटा वार घातला. तामोत्सुने स्वतःची तलवार जमिनीवर ठेवली आणि सरळ उभा राहिला. बस थांब्यावर उभं राहावं तसा.

लोक हसायला लागले. पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, “अरे पोरा, जरा जवळ जाऊन मार की. म्हाताऱ्याला वारा घालतोयस का?”

सगळा चौक खदखदला. ओसाकाचे साहेबही हसले. ते मी पाहिलं, आणि केन्गोनेही पाहिलं.

“पडा,” केन्गो दातांतून म्हणाला.

तामोत्सु जागचा हलला नाही.

“पडा म्हणतोय ना म्हाताऱ्या!”

टेपवरची बाई सांगत होती की राखणदाराच्या मनात वैऱ्याबद्दलही करुणा होती. तेवढ्यात केन्गोने तलवार दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि खरी मारली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज जमिनीवर मला स्पष्ट आला. सुकी फांदी गुडघ्यावर मोडताना येतो, तसाच. लोक अजून हसत होते. दुसरा वार आला तेव्हा तामोत्सुने डावा हात आडवा वर केला. बाही घसरून कोपरापर्यंत आली. तलवार हाताच्या बाहेरच्या अंगाला बसली. त्याने तो हात तसाच वर धरून ठेवला आणि मान वळवून मिनाएकडे बघितलं. ती तटाच्या दगडावर बसली होती. तिने स्वतःचा डावा हात उजव्याने गच्च धरला.

तिसरा वार भुवईवर आला. चांदीचा कागद फाटून लोंबू लागला, आणि त्याला रक्त लागलेलं दिसल्यावर चौकातलं हसू एकदम थांबलं. केन्गोला थांबता येत नव्हतं. तो घामाघूम झाला होता, प्रत्येक वाराला “पडा, पडा” म्हणत होता, त्याच्या तोंडाला फेस आला होता. हे सगळं लोकांदेखत चाललंय याचं त्याला भान नव्हतं. हा घरी असाच दिसत असणार, हे मला तेव्हा कळलं. तामोत्सुने एकही वार परतवला नाही, एकही चुकवला नाही. आयुष्यभर न लागलेले वार लागले असं दाखवणारा माणूस, लागलेले वार लागलेच नाहीत असा उभा होता.

मी उठलो. नियम गेला खड्ड्यात. मी केन्गोच्या पायांना मिठी मारली. त्याने टाच माझ्या तोंडावर घातली, माझा दात तुटून जिभेवर आला. पण तोवर माझ्या शेजारचा मेलेला पोस्टमन उठला, मग पलीकडचे दोघे, मग सगळेच. चिखलाने माखलेले मेलेले चहूकडून आले आणि केन्गोला आडवा पाडून त्याच्यावर बसले. कुणीतरी त्याचं तोंड चिखलात दाबलं. कुणी ते मी सांगणार नाही, पण तो हात न्हाव्याचा होता.

“मिनाए!” चिखल थुंकत केन्गो ओरडला. “सांग यांना! बघ, तुझ्या बापाने मला काय करायला लावलं!”

मिनाए प्रेक्षकांपुढची दोरी ओलांडून आली. केन्गोच्या शेजारून गेली, पण थांबली नाही. ती बापासमोर उभी राहिली. तामोत्सुचा डावा डोळा रक्ताने बंद झाला होता, उजवा खांदा खाली लोंबत होता, तरी डावा हात वरच होता.

“बाबा,” ती म्हणाली, “पडा आता. मी नाही जात.”

तेव्हा तामोत्सु पडला. कमरेतून मागे वाकला नाही, काही नाही. गुडघ्यात मोडला आणि मिनाएच्या अंगावर आला. तिने त्याला खाली जमिनीपर्यंत नेलं. मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि लगेच थांबवल्या.

दवाखान्याची गाडी किल्ल्याच्या पायऱ्या चढू शकत नाही. पोलीस केन्गोला घेऊन गेल्यावर आम्ही खेळातला फुटका दरवाजा काढला, त्यावर तामोत्सुला निजवलं आणि खांद्यावर घेऊन निघालो. डॉक्टरांनी पुढे सांगितलं की उजवा हात आता खांद्याच्या वर जायचा नाही. तो पुन्हा कधी मेला नाही. पण ते नंतरचं. त्या दुपारी उतरताना तो एकदाच बोलला.

“नोनाका, गुडघा कसा आहे?”

“गप पड,” मी म्हणालो. तोंडात रक्त होतं आणि मला रडू येत होतं.

बसमधले लोक पायऱ्यांच्या कडेला सरकून उभे होते. मघाची ती आजी टोपी हातात घेऊन कमरेत वाकली होती, आम्ही जाईपर्यंत वर झाली नाही. मिनाए बापाच्या गवती चपला हातात घेऊन फळीच्या बाजूने चालत होती. ऊन अजून कडक होतं. अर्ध्या वाटेवर ती थांबली, चपला काखेत धरल्या, आणि दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडून घेतल्या. मग तशीच, सगळ्यांच्या समोरून, खाली गावात उतरली.