चांगला दिवस

मनवाने संगणकाच्या पडद्यावरच्या पट्टीतलं 'चांगला दिवस' हे पहिलं बटण काढून टाकायला घेतलं, तसा तिच्या वडिलांचा अंगठा टेबलावर दोनदा वाजला.

"नको, अप्पा? पण या वेगाने आता जमतं कुठे तुम्हाला?"

हिरवी चौकट एकेका अक्षरावरून सरकू लागली. हवं ते अक्षर आलं की रमाकांत अंगठ्याखालची कळ दाबत. बऱ्याच वेळाने संगणक त्यांच्या वतीने बोलला, "राहू दे."

बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात. रमाकांतांनी दादरच्या दुकानात चाळीस वर्षं साड्या विकल्या. नुसती बघायला आलेली बाईसुद्धा पिशवी घेऊनच बाहेर पडे. आजाराने आधी जीभ नेली, मग हातपाय, आणि अंगठा तेवढा ठेवला. मनवाने त्यांच्यासाठी हा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. चौकटीचा वेग रोज हाताला झेपेल तसा बदलावा लागे, आणि त्यासाठी दर वेळी सेटिंगमध्ये शिरणं त्यांना अशक्य होतं. म्हणून तिने तीन बटणं वरच आणून ठेवली: चांगला दिवस, बरा दिवस, थकलेला दिवस. दाबलेल्या बटणाचं नाव संगणक मोठ्याने सांगे. स्वयंपाकघरातून 'चांगला' ऐकलं की मनवाची आई मालन निर्धास्तपणे पिशवी उचलून लालबागच्या बाजारात जाई.

बटण राहिलं. पण संध्याकाळी मनवाने प्रोग्रॅममधल्या नोंदी चाळल्या. रोज सकाळी आधी 'चांगला दिवस', मग दहा मिनिटं एकही धड शब्द नाही, मग 'थकलेला'. आई बाहेर पडावी म्हणून अप्पा रोज खोटं बोलत होते. मनवाला रडू आलं. तिने बटणाचं नाव तसंच ठेवलं आणि त्याच्या आत थकलेल्या दिवसाचा संथ वेग भरला.

दुसऱ्या दिवशी मनवा नेहमीसारखी लवकर न निघता घरी थांबली. रमाकांतांनी 'चांगला दिवस' दाबला. मालन पिशवी घेऊन गेली. चौकट सावकाश चालू लागली, तसं त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग संगणक म्हणाला, "हुशार."

शेजारच्या काकू सोबतीला येऊन बसल्यावर मनवा ऑफिसला निघाली. जिन्याच्या वळणावर मालन पायरीवर बसली होती. पिशवी रिकामीच होती.

"आई? बाजारात नाही गेलीस?"

"रोज हयच बसतंय मी. मासळी कोळीण खाली आणून देता. मी भायर पडलंय की ते 'थकलेला' लावतत, हय ऐकू येता. पण मी गेल्यासारखा केला की तेंका बरा वाटता."

मनवा दोन पायऱ्या खाली आली.

"आज मात्र नाय लावल्यानी," मालन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "कधीची कान देवन बसलंय. आज खराच बरा हा गो तेंका."

मनवाने कठडा धरला. आज 'थकलेला' का वाजलं नाही ते सांगायला हवं होतं, पण तिने पिशवी उचलून आईच्या हातात दिली.

मालन गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सारखा केला.

"दोन महिने झाले बाजार बघूक नाय," ती म्हणाली, आणि पिशवी झटकून जिना उतरू लागली.