बुधल्याचा तळ

टिक्. मग टिक् टिक्.

दुपारच्या शांततेत अंड्याची कवचं काचेवर वाजली आणि अनुपमाने बुधला पोटाशी घट्ट धरला. पलंगावर चार वर्षांच्या ऋतिकाने नुसती कूस बदलली. लेक झोपली की तास-दीड तास काय तो अनुपमाचा स्वतःचा. आज तो सासऱ्यांच्या बुधल्यात चालला होता.

सासरे, धाकूबाबा, दर जूनमध्ये या मोठ्या काचेच्या बुधल्यात जांभळाची वाईन घालायचे. विक्रोळीच्या या इमारतीत मजल्यावरचे सगळे तिची वाट बघायचे. गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले. बुधल्याला मग कुणी हातच लावला नाही. तळाचा गाळ डांबरासारखा घट्ट झाला.

आज सकाळी गावाहून जांभळं आली, पिकलेली, संध्याकाळच्या पुढे न टिकणारी. सासूबाई मालन एवढंच म्हणाल्या होत्या, ‘‘वर्षश्राद्धाक तेंच्या पानाकडे तेंचीच वाईन होयी.’’ आणि भांडं अस्वच्छ राहिलं तर वाईन आंबते, हे अनुपमाने मोबाइलवर तीनदा वाचलं होतं.

बुधल्याची मान अरुंद. हात जात नव्हता, ब्रश वळत नव्हता. कवचं टाकून खळखळवून झालं, तांदूळ झाले, गरम पाणी झालं. गाळ ढिम्म. शेवटी तिने दोन चमचे धुण्याचा सोडा टाकला आणि बघतच राहिली.

जांभळा रंग निळा होऊ लागला. आधी मोरपंखी, मग पहाटेच्या खाडीसारखा हिरवट. तळातून एकेक पापुद्रा सुटून वर यायचा, गोल गिरकी घ्यायचा, विरघळायचा. तिला वाटलं, आपणही आत उतरलोय, पाय टेकत नाहीयेत आणि कुणी हाक मारत नाहीये. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने बुधला मोरीत उपडा केला, चार पाण्यांनी विसळला. काच लखलखली. खिडकीबाहेरची तिवरं तिच्यात उलटी झुलू लागली.

‘‘आई, बघा ना. आरसा झालाय नुसता.’’

गॅलरीत जांभळं निवडणाऱ्या मालन टोपलीसकट आत आल्या. बुधला उजेडात धरून बघितला.

‘‘झकास. आणि तळचा खंय ठेवलंस?’’

‘‘कुठलं?’’

‘‘गाळ गो. तेतूरलो चमचाभर ते नव्या जांभळांत घालीत. दुधाक विरजण लावतत तसो. म्हणान तर चव तीच येय दरवर्षी.’’

अनुपमाने मोरीकडे पाहिलं. जाळीवर निळ्या पाण्याचा एक थेंबही उरला नव्हता.

‘‘सगळा गेला, आई. मला कुणी सांगितलंच नाही.’’

‘‘मीच सांगूक होया होता.’’ मालन पाटावर बसल्या. बराच वेळ त्यांची बोटं टोपलीतली जांभळं नुसतीच चाळवत राहिली. मग एक उचलून त्यांनी बी वेगळी करायला घेतली. ‘‘बस हय. गर काढूक लाग. वाईन होतली. तेंची नाय, आपली होतली.’’

दोघी शेजारी बसून गर काढू लागल्या. हात मनगटापर्यंत जांभळे झाले. ऋतिका केव्हा उठून आली, केव्हा आईच्या पाठीला रेलली, कळलंच नाही.

‘‘मम्मी, ही वाईन आजोबांना देणार?’’

‘‘हो गं. त्यांच्या पानाजवळ ठेवणार.’’

ऋतिकाने रिकाम्या बुधल्याच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. आत कसलाच वास नव्हता.

‘‘मग आजोबांना कळेल, ही आपल्या घरातली आहे म्हणून?’’

मालनचे हात थांबले. त्याही उत्तरासाठी अनुपमाकडे बघत होत्या.